बिघडलेला कागद कोणाचा?

दंडाच्या धाकाशिवाय नोकर नीट काम करीत नाहीत, असे पुष्कळांचे मत असते. मला ते पटत नाही.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. फीपुरते पैसे मिळावेत म्हणून संध्याकाळी एका झेरॉक्सच्या दुकानात काम करते. परीक्षा जवळ आली की तिथे झुंबड उडते. पैसे घ्यायचे, कागद भरायचा, प्रती काढायच्या, टाचायच्या; सारे एकटीनेच. पावसाळ्यात उघड्या रिमचा कागद दमट होऊन यंत्रात अडकतो. तरी बिघडलेल्या प्रतींचे पैसे आमच्या पगारातून कापले जात. मग आम्हीही पुसट पाने गठ्ठ्यात खपवू लागलो! एका विद्यार्थिनीच्या प्रकल्पात कोरे पान गेले. मी ते पुन्हा काढून दिले, पण तोवर तिची तारीख टळली होती. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

धीर करून मालकांना म्हटले, "काका, पैसे कापू नका. बिघडलेले कागद एका खोक्यात टाकू, रात्री मिळून पाहू." त्यांनी ऐकले. बहुतेक कागद दमट रिमचेच निघाले! आता लागेल तेव्हाच रिम फोडतो, आधी एक नमुना प्रत काढतो, आणि गर्दीच्या वेळी काका स्वतः गल्ल्यावर बसतात. खोके पूर्वीसारखे भरत नाही.

मित्रमैत्रिणींनो, धाकाने चूक थांबत नाही, ती लपते. आपल्या वर्गातही असेच घडत नाही काय?