लाज नेमकी कुठल्या गाण्याची?

आपल्याकडे मुलगी पदवीधर झाली की घरातली जुनी गाणी बंद पडतात. दादी जात्यावर म्हणायची त्या ओव्या, लग्नात बायका ढोलकीवर म्हणायच्या ती दखनी गीतं, सगळं ‘जाहिलांचं’ ठरतं. कॉलेजच्या गॅदरिंगला मात्र लखनवी उच्चारातली गझल हवी. यावर कुणी बोललं तर ठरलेलं उत्तर मिळतं: समाजाला शिक्षण हवंय, गाणी नकोत. असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेतल्या फिस्क विद्यापीठाच्या गायकवृंदाचा इतिहास वाचावा.

गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांसाठी १८६६ साली नॅशव्हिलमध्ये, लष्करी दवाखान्याच्या जुन्या बराकींत फिस्क सुरू झालं. पाच वर्षांत पैसा संपला. खजिनदार जॉर्ज व्हाइट गाणंही शिकवायचे. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी ते नऊ विद्यार्थी घेऊन निधी जमवायला निघाले.

ही मुलं सुरुवातीला गोऱ्यांच्या आवडीची गाणी गात. आईबापांनी गुलामीत गायलेली गाणी फक्त आपापसात, हळू आवाजात. ती परक्यांपुढे म्हणायला त्यांची तयारी नव्हती. वृंदातल्या एला शेपर्ड यांनी लिहून ठेवलंय, की ती गाणी गुलामीच्या आठवणींशी बांधलेली होती आणि आईवडिलांसाठी पवित्रही होती. या एलाला तिच्या बापाने पैसे मोजून गुलामीतून सोडवलं होतं. तिचा संकोच मला समजतो. आपला समजत नाही. आपल्या दादीच्या अंगावर कुणाच्या मालकीचा शिक्का होता?

त्याच वर्षी ओबर्लिन गावी पाद्र्यांच्या परिषदेत त्यांनी गुलामांचं गाणं अगदी हलक्या आवाजात सुरू केलं आणि सभागृह स्तब्ध झालं. पुढे तीच गाणी घेऊन ते व्हाइट हाउसमध्ये गेले, १८७३ साली व्हिक्टोरिया राणीपुढे गायले. (त्याच वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामीविरोधकांना अर्पण केली.) सात वर्षांत दीड लाख डॉलर जमले, ज्युबिली हॉल उभा राहिला. म्हणजे शिक्षण हवं म्हणून गाणं सोडलं नाही, गाण्यावर विद्यापीठ तगलं.

मात्र चंदा गोळा करणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी एवढ्यावरच भाषण संपवू नये. त्या मुलांना हॉटेलांनी दारातून परत पाठवलं, ती आजारी असतानाही गात राहिली. संस्था उभी करायला पोरांची तब्येत वापरली गेली, हेही सांगा.

वृंदातले फ्रेडरिक लाउडिन यांनी नंतर स्वतःचा संच घेऊन जगाचा दौरा केला. त्यात हे लोक हिंदुस्थानातही आले आणि ताजमहालात ती गाणी गायले.

आणि आपण? दखनमधल्या सूफींच्या परंपरेत चक्कीनामा आहे, चरखानामा आहे. दळताना, सूत कातताना बायकांनी अल्लाहचं नाव घ्यावं म्हणून रचलेली गीतं. आपली भाषा, आपला दीन, आपले कष्ट, तिन्ही एकाच ओळीत. हे गाणं दीनाबाहेरचं म्हणणाऱ्यांनी आधी ते एकदा ऐकावं. आपल्या ट्रस्टच्या किती कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये ते वाजलंय? ते येणाऱ्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत, आणि त्यांच्या नातवंडांच्या हातात रेकॉर्डिंगचा मोबाईल आहे.