गेमच्या धंद्यात मेरिटचं नवं नाव : पॅशन

गेम डिझाइनच्या डिप्लोमाला प्रवेश घेताना खासगी संस्थेतल्या मॅडम म्हणाल्या होत्या, "आम्ही मार्क बघत नाही, पॅशन बघतो." मला बरं वाटलं. बी.एस्सी.पर्यंत प्रत्येक खिडकीवर माझी कॅटेगरी विचारली गेली होती. इथे कुणी विचारलीच नाही. का विचारली नाही, ते महिन्याभराने महाडीबीटीचा फॉर्म भरायला बसलो तेव्हा कळलं. यादीत आमचा कोर्सच नव्हता. कोर्सला सरकारी मान्यता नाही, म्हणून आरक्षण नाही, भारत सरकार शिष्यवृत्ती नाही, फीवर कुणाचा अंकुशही नाही. पप्पांच्या पीएफमधले साडेतीन लाख गेले. नगरपालिकेतल्या 27 वर्षांच्या नोकरीची ती शिल्लक होती.

आज मी एका स्टुडिओत लेव्हल डिझायनर आहे. सुरुवात टेस्टर म्हणून केली. तोच दरवाजा शंभर वेळा उघडायचा, कुठे अडकतो ते नोंदवायचं, बग रिपोर्ट लिहायचा. म्हणजे माझं वाईट झालं, असं सांगायला हे लिहीत नाही. या क्षेत्रात यायचं म्हणणाऱ्या आपल्या मुलामुलींनी कुठल्या दाराने यावं, हा माझा मुद्दा आहे.

नोकरी मला डिप्लोमाच्या कागदावर मिळाली नाही. मुलाखतीत माझा पोर्टफोलिओ बघितला गेला, म्हणजे मी स्वतः बनवलेले दोन छोटे गेम. इथे जात नाही, फक्त काम बघतात, असं म्हणणाऱ्यांना हे उदाहरण आवडेल. पण पोर्टफोलिओ बनतो कशातून? घरात चांगला कॉम्प्युटर लागतो, कमाईचा तगादा नसलेली दोन वर्षं लागतात, इंग्रजीत शंका विचारायची हिंमत लागते. वर्गातली बरीच मुलं आठव्या वर्षापासून कन्सोलवर खेळत होती. मी पहिल्यांदा कन्सोल हातात धरला तो त्याच वर्गात, बाविसाव्या वर्षी. त्यांच्या त्या चौदा वर्षांना तिथे पॅशन म्हणत होते. माझ्या पप्पांच्या 27 वर्षांना कुणी काही म्हणत नव्हतं.

सार्वजनिक दारं आहेत, पण आपल्यापर्यंत त्यांची खबर पोचत नाही. एनआयडीच्या बेंगळुरू कॅम्पसमध्ये डिजिटल गेम डिझाइनमध्ये एम.डेस. करता येतं. आयआयटींच्या डिझाइन विभागांसाठी सीईईडी ही परीक्षा असते, तिला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो. या संस्थांत अनुसूचित जातींना 15, जमातींना 7.5 आणि ओबीसींना 27 टक्के आरक्षण आहे. जागा मोजक्याच आहेत, पण त्या हक्काच्या आहेत.

केंद्र सरकारने 2022 च्या अर्थसंकल्पात ॲनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग आणि कॉमिक्ससाठी टास्क फोर्स जाहीर केला. रोजगार येणार असेल तर त्याचं शिक्षण आयटीआय, पॉलिटेक्निक आणि राज्य विद्यापीठांत आलं पाहिजे, मान्यतेसह आणि शिष्यवृत्तीसह. नाहीतर हाही धंदा फी भरू शकणाऱ्यांच्याच घरात राहील.

प्रश्न फक्त पगाराचा नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' हा गेम 2020 मध्ये आला. काम देखणं आहे आणि नायिका सर्कशीतली मुलगी आहे, हे मला फार आवडलं. पण तिचा शत्रू कोण? महाबलासुर. आपल्याकडचा गेम पुराणाकडे वळला की असुर मारायचाच असतो. जोतीराव फुल्यांनी 1873 मध्येच 'गुलामगिरी'त ही गोष्ट बळीराजाच्या बाजूने सांगितली. दिवाळीत बळीचं राज्य येवो म्हणणाऱ्या घरातली पोरं मोबाइलवर असुर मारत पुढच्या लेव्हलला जातात. गोष्ट ठरते त्या टेबलावर आपण बसल्याशिवाय हे बदलणार नाही.

म्हणून प्रवेश घेण्याआधी तीन प्रश्न लेखी विचारा. मान्यता कुणाची? शिष्यवृत्ती लागू आहे का? मागच्या बॅचमधले किती जण गेम बनवण्याच्या नोकरीत आहेत, आणि त्यांच्याशी बोलता येईल का? उत्तर देताना कुणी पॅशनवर आलं, तर उठून या.

तोपर्यंत हात चालू ठेवा. गोडो आणि ब्लेंडर पूर्णपणे मोफत आहेत, गोडो तर साध्या लॅपटॉपवरही चालतं. पहिला गेम एका खोलीचा, एका दरवाजाचा असू द्या, पण पूर्ण करा. दहा अर्धवट गेमांपेक्षा एक पुरा झालेला गेम मुलाखतीत जास्त बोलतो.

आणि घरातला पीएफ शेवटी काढा. मी आधी काढायला लावला, आणि पप्पांनी मला एकदाही त्याचा हिशोब विचारला नाही. तो मीच मांडतोय.

जय भीम.