दारिद्र्य आणि आपण खातेदार

गरीब मनुष्य गरीब कां, असा प्रश्न चावडीवर निघाला म्हणजे त्याचें उत्तर बहुधा ठरलेलें असतें. तो आळशी आहे, लग्नकार्यांत उधळतो, किंवा व्यसनांत बुडाला आहे. उत्तर देणाऱ्याच्या विहिरीला पाणी असतें व ऐकणारा मान डोलवितो. कारण या उत्तरानें दोघांच्याहि अंगावरची जबाबदारी परस्पर उतरते. व्यसनानें घर बुडतें हें प्रस्तुत लेखकास नाकबूल नाहीं. परंतु एका घराचें बुडणें निराळें आणि सबंध तालुक्याचें कंगाल होणें निराळें. पहिल्यावरून दुसऱ्याचा उलगडा होत नाहीं.

आपल्या दक्षिणेंत या प्रश्नाची मोठी सरकारी चौकशी झाली ती १८७५ च्या दंग्यांनंतर. त्या सालच्या मे महिन्याच्या १२ तारखेस पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें जमावानें सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला आणि पुढें हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरलें. जमावाचा मुख्य डोळा होता तो खतें, रोखे व हुकूमनामे यांवर. ते हातीं पडले कीं जाळावयाचे. जेथें ते मुकाट्यानें मिळाले तेथें कोणाच्या अंगाला हात लावल्याचे प्रकार फारसे झाले नाहींत. चौकशी कमिशननें निवडक गांवांचे हिशेब तपासले, तेव्हां सुमारें एक तृतीयांश खातेदार कर्जांत रुतलेले व त्यांचें कर्ज सरासरीनें साऱ्याच्या अठरा पट असल्याचें आढळलें. लग्नाच्या खर्चाला कर्जाचें कारण म्हणून वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें जातें, असेंहि त्या कमिशननें नमूद करून ठेविलें आहे. चावडीवरच्या मंडळींनीं एवढें वाक्य जरूर ध्यानांत घ्यावें.

मग खरीं कारणें कोणतीं? १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें. तिकडचा कापूस विलायतेस जाईना, म्हणून इकडच्या कापसास भलताच भाव आला. पैसा खेळूं लागला, पत वाढली, सावकार आपण होऊन रक्कम पुढें करूं लागला. युद्ध संपलें, भाव कोसळले. पण कर्ज कांहीं कोसळलें नाहीं. त्यांतच जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत नवी आकारणी होऊन सारा चढला. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या खताची मुदत तीन वर्षांवर आली होती. हेतु असा कीं, व्याज सांचत जाऊं नये. घडलें उलटें. दर तीन वर्षांनीं व्याज मुद्दलांत मिळवून नवें खत होऊं लागलें. शंभर रुपये दरमहा दोन रुपये शेंकडा व्याजानें घेतले, तर तीन वर्षांनीं १७२ चें खत होतें आणि आणखी तीन वर्षांनीं सुमारें २९६ चें. आपल्याकडील जुनी दामदुपटीची चाल दोनशेंवर थांबत असे. नव्या खतांत तेंच व्याज मुद्दल होऊन बसल्यावर दामदुपट मागावयाची कशाच्या आधारें? अंगठा उठविणारास यांतलें कांहींच कळत नसे. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यांत अविद्येला अनर्थाचें मूळ मानलें तें उगीच नव्हे.

१८७९ च्या कायद्यानें कोर्टांना खताच्या पाठीमागें जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार दिला. धंदेवाईक सावकाराचा हात आंखडला. पण गरज थोडीच आंखडते! रिकाम्या जागेवर कोण येऊन बसला हें सांगतांना आपणां खातेदारांस थोडें अवघड वाटेल. स्वातंत्र्यानंतर १९५१-५२ सालीं सबंध देशांत ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी झाली. तींत शेतकऱ्यांच्या कर्जापैकीं सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा सुमारें ३ निघाला आणि जे स्वतः शेती करून सावकारी करीत, त्यांचा शेंकडा २५ च्या आसपास. म्हणजे चौथा हिस्सा आपल्याच जातभाईंचा, शेतकऱ्यांचा होता.

आमच्या घरीं आजोबांच्या वेळची एक वही आहे. तींत वाढीदिढीचे जमाखर्च आहेत. पावसाळ्यांत एक मण ज्वारी न्यावी व सुगीच्या वेळीं दीड मण घालावी. आजोबा कठोर नव्हते. गांव त्यांना दयाळू म्हणे, आणि ज्याच्या घरीं चूल पेटली नाहीं त्याला त्यांनीं रिकाम्या हातानें परत लाविलें नाहीं, हेंहि खरें. परंतु वहींत एक नांव सलग अकरा वर्षें आढळतें आणि बाराव्या वर्षीं नाहींसें होतें. त्या मनुष्याचें ओढ्याकांठचें शेत आतां आमच्या सातबाऱ्यावर आहे. त्याला घरांत आम्ही आजहि त्याच्याच नांवानें ओळखतों. त्याचा नातू आमच्याकडे काढणीला रोजानें येतो. हा नातू आळशी आहे असें मीं कोणाच्या तोंडून ऐकलें, म्हणजे मला ती वही आठवते.

दारिद्र्याचा विशेष असा कीं, त्याचें फळच पुढें त्याचें बीज होतें. गरजू शेतकरी खळ्यावरच माल विकतो, कारण देणेकरी दारीं उभा असतो. तेव्हां भाव पडलेला असतो. तोच मनुष्य आषाढांत चढ्या भावानें धान्य विकत घेतो. त्याच्यापाशीं स्वतःचे बैल किंवा ट्रॅक्टर नसतो, म्हणून मालकाची पेरणी उरकल्यावर भाड्याचें अवजार त्याच्या बांधावर येतें. वाफसा कोणासाठीं थांबत नाहीं. चार दिवस उशिरा पेरलेलें पीक कमी येतें, आणि त्याला शेती साधत नाहीं असा निकाल आपण देऊन मोकळे होतों. मुलाला शाळेंतून काढून गुरांमागें लावलें जातें. सगळ्यांत वाईट परिणाम डोळ्यांस दिसत नाहीं. गरीब मनुष्याच्या अंगची ‘नाहीं’ म्हणण्याची शक्ति जाते. मजुरी कमी असली, अट जाचक असली, तरी तो मान हलवितो.

वाटण्यांचा प्रश्न जुनाच आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं पिंपळे सौदागर या गांवाची पाहणी १९१७ सालीं प्रसिद्ध केली. १७७१ सालीं तेथें सरासरी खातें ४० एकरांचें होतें, तें ७ एकरांवर आलेलें त्यांस आढळलें. १५६ खातेदारांचे ७२९ तुकडे होते व त्यांतील ४६३ एका एकराहून लहान. (त्या रानांत आतां पिंपरी-चिंचवडच्या इमारती उभ्या आहेत.) तुकडेबंदीचा कायदा १९४७ सालीं झाला. तरी महाराष्ट्रांतील सरासरी खातें १९७०-७१ सालीं ४.२८ हेक्टर होतें, तें २०१५-१६ च्या गणनेंत १.३४ हेक्टर भरलें. गांवांत शेतीवांचून दुसरा धंदा नसेल तर भाऊ वाटणी मागणारच. नुसत्या कायद्यानें काय होणार?

आतां ऊस लावणाऱ्या वाचकांस एक विचारावयाचें आहे. दर वर्षीं दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या कोरडवाहू भागांतून लाखों माणसें तोडीला येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते व ती हंगामभर फेडावयाची. फिटली नाहीं तर बाकी पुढच्या हंगामाला. हिशेब मुकादमाच्या वहींत; तोडणाऱ्याच्या हातीं कागद बहुधा नसतोच. सुप्याच्या जमावानें जें जाळलें तें निदान खत होतें. येथें जाळावयास खतहि नाहीं.

२००८, २०१७ व २०१९ सालीं कर्जमाफ्या झाल्या. त्यांचा उपयोग झाला नाहीं असें मी म्हणत नाहीं. पुष्कळ घरें त्यांनीं सावरलीं. पण माफी मिळाली ती ज्याचें कर्ज बँकेच्या अगर सोसायटीच्या दप्तरीं होतें त्याला. तोंडी बोलीवर दुसऱ्याचें रान कसणारा, किंवा हातउसन्यावर जगणारा मजूर त्या यादींत कोठून येणार? सातबारा नसलेल्याला आपण दारांतच उभें करतों.

आपल्या संस्थेच्या येत्या वार्षिक सभेपुढें म्हणून तीन गोष्टी ठेवण्याचा माझा विचार आहे. संस्थेच्या गोदामांत दहा पोतीं ठेवणाऱ्यासहि तारणावर उचल मिळावी, म्हणजे त्याला खळ्यावर विकावें लागणार नाहीं. संस्थेचीं पेरणीचीं अवजारें पहिल्या आठवड्यांतच लहान खातेदारांस व खंडानें कसणारांस पाळीनें द्यावीं, आपलें उरकल्यावर नव्हे. आणि ज्या सभासदाच्या उसाला टोळी येते त्यानें उचलीच्या व तोडीच्या हिशेबाची लेखी प्रत प्रत्येक कोयत्याला मिळेल असें मुकादमाकडून करून घ्यावें. यांतील पहिल्या गोष्टीला विरोध होणार नाहीं. दुसरीला होईल. तिसरी निघतांच सभा पाणी पिण्यासाठीं उठेल अशी मला भीति आहे. तरी ती मीं लिहून चिटणिसांकडे दिली आहे.