सवय परिपत्रकाने लागत नाही

२०१९ च्या जूनमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने परिपत्रक काढून आपल्या बैठकींतील बिस्किटे बंद केली. त्यांच्या जागी भाजलेले चणे, खजूर, बदाम, अक्रोड आले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला 'फिट इंडिया' चळवळ सुरू झाली. दिल्लीतील आमच्या कार्यालयातही आम्ही शपथ घेतली. चार वाजता समोसे आले.

अशा वेळी इच्छाशक्तीला दोष देणे सोयीचे असते. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते पटत नाही. माणूस समोर असेल ते खातो, सुलभ असेल ते करतो. आमच्या इमारतीत लिफ्ट सदैव सज्ज आणि जिन्याच्या दाराला कुलूप. बाहेर पदपथावर मोटारी. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. त्यांत मीही एक. एवढ्या साऱ्यांची इच्छाशक्ती एकाच वेळी ढळली काय?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे दिवसाला जेमतेम बावीस मिनिटे. मी मेट्रोतून एक स्थानक आधी उतरतो. त्यासाठी शपथ लागली नाही, कारण ती वाट घराकडेच जाते. शासनाने नागरिकांना उपदेश जरूर करावा. पण आधी जिन्याचे कुलूप काढावे. त्याला वित्त विभागाची संमती लागत नाही.