पचमढी की चिखलदरा?

धानाची मळणी आटोपली, की आमच्या कोंढा गावात थंडीच्या सहलीचे बेत सुरू होतात. गुलमर्गचे स्कीइंग खिशाला झेपत नाही. मग वाद उरतो पचमढी की चिखलदरा एवढाच. छिंदवाडा-तामियामार्गे पचमढी गाठली, की सातपुड्याचे सर्वोच्च शिखर धूपगड, सुमारे १३५० मीटर. वर जायला जिप्सी ठरवावी लागते आणि चौरागडाच्या पायऱ्या गुडघ्यांची परीक्षा पाहतात. परतवाड्यावरून चिखलदरा चढलात, तर कॉफीचे मळे, मेळघाटचे रान आणि डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रजांनी भोसल्यांकडून जिंकलेला गाविलगड. भीमकुंडाचा धबधबा मात्र हिवाळ्यात रोडावतो. आमचा कौल असा: दोनच दिवस सवड आणि सोबत म्हातारी माणसे असतील, तर चिखलदरा, चार दिवस असतील, तर पचमढी. स्वेटर दोन्हीकडे न्याच!