आधी घराणं, मग जनुक

महाड-रायगड रस्त्यावर नाते गावाच्या आसपास पहाटे पोलीस भरतीची पोरं घड्याळ लावून सोळाशे मीटर मारतात. रात्री प्रकाशझोतात कबड्डी. कुठे एखादा तरणाबांड खेळाडू कोसळल्याचं कानावर आलं की शहाणीसुरती माणसं म्हणू लागतात, सगळ्यांची जनुक तपासणी सक्तीची करा. हेतू चांगला, उपाय उफराटा.

त्यांचं म्हणणं असं : हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार आईकडून किंवा बापाकडून येतो, प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता, मग रक्ताच्या एका नळीत निकाल लावा. तसा तो लागत नाही. या विकाराच्या जवळपास निम्म्या रुग्णांत सदोष जनुक हाती लागतच नाही. म्हणजे ‘निर्दोष’ अहवाल खिशात घालून पोरगा खोट्या भरवशावर मैदानात. उलट टोकालाही घोळच. हृदयस्नायूच्या एका जनुकातली २५ अक्षरं गळालेली माणसं भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के आहेत, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्या संशोधनात हैदराबादची सीसीएमबी ही संशोधनसंस्था होती. हा दोष असलेल्या कित्येकांना तरुणपणी काहीही होत नाही. फौजी आंबवडे गावच्या पोराची भरती या कागदावर अडवायची? विमावाले तर टपलेलेच. अशाच एका हृदयरोग्याचा दावा ‘आनुवंशिक’ म्हणून नाकारला गेला; २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला.

मग करायचं काय? इटलीने १९८२ मध्ये खेळाडूंचा कार्डिओग्राम सक्तीचा केला. व्हेनेतो भागात खेळाडूंचे अचानक मृत्यू २००४ पर्यंत ८९ टक्क्यांनी घटले. अमेरिकी तज्ज्ञ या आकड्यावर वाद घालतात, घालोत. कार्डिओग्राम महाडात निघतो. त्याच्याही आधीची तपासणी फुकट आहे : घरात चाळिशीच्या आत कोण अचानक गेलं? पट्टीचा पोहणारा काका सावित्री नदीत बुडाला तर नोंद अपघाताची होते; पण हृदयाच्या ठोक्यांचा एक आनुवंशिक दोष नेमका पोहताना उसळतो. आजीला सगळे मृत्यू पाठ असतात, डॉक्टर तिला विचारत नाही.

आणि मैदानावर शॉक देणारं यंत्र हवं. २००४ मध्ये गोव्याच्या धेंपो फुटबॉल क्लबचा ख्रिस्तियानो ज्युनियर बंगळुरूत अंतिम सामन्यात कोसळला, तो गेला. २०२१ मध्ये कोपनहेगनला डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन कोसळला. यंत्र हाताशी होतं, तो पुन्हा खेळला. कबड्डीला मोटारसायकल बक्षीस लावणाऱ्या मंडळांनी खर्चाचं रडगाणं गाऊ नये.

जनुक तपासणी हवीच, पण आजारी सापडलेल्याची आधी. त्याच्यात दोष नक्की कळला की भावंडांत तोच शोधायचा. तिथे ती अचूक चालते, आणि ज्याच्यात तो नाही त्याला त्या विकाराच्या धास्तीशिवाय चढाईला सोडता येतं.