बॅटरी बदलली, दुखणे तसेच

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच आमचे धाकटे मेहुणे दारात उभे. चेहरा उतरलेला. "दाजी, नवी बॅटरी घेऊन महिना झाला नाही आणि काल गाडी पुन्हा ढकलावी लागली." त्यांचा जुना डिझेल पिकअप आहे. ओतूरच्या बाजूचा टोमॅटो भरायचा, रात्री माळशेज घाट उतरायचा, पहाटे कल्याणचा बाजार गाठायचा. त्यावर घर चालते. बॅटरीचे साडेपाच हजार बहिणीच्या बचत गटातून उचललेले.

आम्ही पडलो कारकून माणूस, पान्याशी आमची ओळख बेताचीच. पण शिल्लक घटली की आधी जमेची बाजू तपासावी, एवढे हिशोबाने शिकवले आहे. गाडीत बॅटरी म्हणजे पेटी, कमावता अल्टरनेटर. पुष्कळ जण त्याला अजून डायनामोच म्हणतात. इंजिनाच्या पट्ट्यावर तो फिरतो, त्यात एसी वीज तयार होते, डायोड तिची डीसी करतात आणि रेग्युलेटर तिला आवर घालतो. तो कमवेनासा झाला की नवी बॅटरीही दिवे आणि सेल्फ मिळून खाऊन टाकतात. जुन्या डिझेल गाडीत दुखणे कळतही नाही लवकर, कारण इंजिन एकदा पेटले की विजेसाठी फारसे अडत नाही. फक्त हेडलाइट मंदावतात आणि डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा विझता विझत नाही. मेहुण्यांचा दिवा दोन महिने मिणमिणत होता. "तो तसाच आहे हो," म्हणाले!

गॅरेजवर गेलो. तिथल्या पोऱ्याने इंजिन चालू असतानाच बॅटरीची तार काढायला हात घातला. गाडी चालू राहिली तर चार्जिंग ठीक, अशी त्याची परीक्षा. म्हातारे वायरमन ओरडलेच. जुन्या डायनामोवर ही युक्ती खपून जाई. अल्टरनेटरवर व्होल्टेज उसळी मारते आणि डायोड, रेग्युलेटर जळतात. त्यांनी साधा मीटर बॅटरीला लावला. गाडी बंद असताना १२.१, इंजिन चालू केल्यावरही १२.१. चालू इंजिनावर तो साधारण १३.८ ते १४.४ दाखवायला हवा. मग पट्टा सैल आहे का, मागची तार गंजली आहे का, हे पाहून झाले. दोन्ही ठीक. अल्टरनेटर उघडला तर कार्बन झिजून संपलेले, बेअरिंग खरखरणारे आणि डायोड प्लेट काळी पडलेली. नुसते कार्बन गेले असते तर थोडक्यात भागले असते. इथे बदलण्यातच शहाणपण होते.

खरा धोका पुढे होता. पोऱ्याने जुन्या बाजारातून स्वस्तातला एक आणला. "बसतो, काका." बसत होता खरा. पण मेहुण्यांच्या अल्टरनेटरच्या पाठीला व्हॅक्युम पंप होता, याला नव्हता. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकला मदत करणारा पंप अल्टरनेटरच्याच दांड्यावर फिरतो. तो नसेल तर दिवे झकास लागतील, पण ब्रेकचा पाय दगडासारखा होईल. माल भरलेली गाडी, माळशेजचा उतार आणि तसा ब्रेक! आम्ही तो तुकडा परत पाठवला आणि पंपासकट नवा घ्यायला लावला. पैसे जास्त गेले, त्याचे वाईट वाटले नाही.

बसवताना वायरमननी आधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. अल्टरनेटरमागच्या जाड तारेत गाडी बंद असतानाही वीज असते. पाना तिला आणि बॉडीला एकदम टेकला तर ठिणग्या उडून तार जळते. पंपाच्या ऑइलच्या दोन्ही नळ्या नव्या वॉशरने जोडल्या, पंपात थोडे ऑइल घातले. पट्टा अंगठ्याने मधोमध दाबून साधारण अर्धा इंच दबेल इतका ताणला. फार ताणला तर नवे बेअरिंगही जाते. बॅटरी मात्र बाहेरच्या चार्जरवर भरून आणली, मेलेल्या बॅटरीचा सगळा भार नव्या अल्टरनेटरवर नको म्हणून.

मीटर १४.१. नंतर ब्रेकची परीक्षा. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबला, पाय तसाच दाबून ठेवला आणि इंजिन चालू केले. पाय जरा खाली गेला. म्हणजे पंप ओढतो आहे. दहा मिनिटे इंजिन चालू ठेवून ऑइल गळत नाही ना, हेही पाहिले.

मेहुणे निघायच्या घाईत जुना अल्टरनेटर तिथेच टाकून चालले होते. आम्ही थांबवले. त्यात तांबे असते, दुकानदार तो मोडीत घेतो. तेवढी रक्कम बिलातून वजा करून घेतली. बिलाची प्रत आता गाडीच्या कागदांत ठेवली आहे.